मागचे पाय

एस्टिल: शू!

नेल्डा: मी अजून काही बोललेच नाहीये, बाबा.

एस्टिल: तोंड उघडलं होतंस.

नेल्डा: जांभई होती ती. अंधारात उठवून आणलंत मला. कॉफीसुद्धा धड घशाखाली उतरली नाही.

एस्टिल: खारीला जांभईसुद्धा ऐकू येते.

नेल्डा: आणि बसताना तुमचा गुडघा कडाड वाजला, तो नाही ऐकू येत?

एस्टिल: त्याची सवय आहे त्यांना. ह्या डोंगरातल्या खारी आज्यापणज्यांपासून ओळखतात ह्या गुडघ्याला.

नेल्डा: ती बंदूक जरा इकडे द्या. दस्त्याची तार सुटलीय, हात फाडून घ्याल.

एस्टिल: तारेला हात लावू नकोस. माझ्या बापाने बांधलेली आहे ती.

नेल्डा: तुमच्या बापाने बांधलेली केव्हाच गंजून पडली. ही मी बांधलीय. मागच्या हिवाळ्यात, स्वयंपाकघरात बसून. कुंपणातली उरलेली तार.

एस्टिल: म्हणूनच सुटली.

नेल्डा: बरं. बाबा, मला तुम्हाला एक—

एस्टिल: शू! वर बघ. ती वाकडी फांदी.

नेल्डा: कुठे?

एस्टिल: गेली.

नेल्डा: पान होतं ते.

एस्टिल: शेपूट होतं त्या पानाला.

नेल्डा: काल संध्याकाळपासून बघतेय. मी बोलायला लागले की तुम्हाला काहीतरी दिसतं. काल गोठ्यात कोल्हा दिसला. जेवताना छपरावर घुबड दिसलं.

एस्टिल: होतं घुबड.

नेल्डा: छपराच्या आतून दिसलं?

एस्टिल: ऐकू आलं. गार्लंड कधी शिकारीला येऊन एवढी बडबड करत नसे.

नेल्डा: गार्लंड तुमचा मुलगा होता. मी सून आहे. आणि मीही तुमच्यासारखी गप्प बसले, तर त्या घरात फक्त घड्याळच बोलेल.

एस्टिल: तो तोंडाने गप्प होता आणि पायांनी बोलका. तुझं नेमकं उलटं. खारीच्या शिकारीला असलं माणूस काय कामाचं, सांग बरं?

नेल्डा: झालं सुरू.

एस्टिल: सुरू म्हणजे? किती वेळा सांगायचं? खार माणूस बघते आणि खोडाच्या पलीकडे जाते. आपण इकडून गेलो की ती तिकडे. एकटा माणूस नुसता झाडाला घिरट्या घालत मरेल. म्हणून एकाने बंदूक घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने पलीकडून पाय आपटत जायचं, म्हणजे ती भिऊन बसलेल्याच्या बाजूला वळते. आणि तू जातेस कशी? मांजरीसारखी! खारीला कळतच नाही कोणी आलंय म्हणून.

नेल्डा: पानं ओली असतात. नाही वाजत.

एस्टिल: गार्लंडची वाजायची.

नेल्डा: गार्लंडचं वजन किती होतं!

एस्टिल: त्याचे बूट घाल म्हटलं तर घालत नाहीस.

नेल्डा: घालू कशी? तुम्हीच ते ओसरीवरून हलवू देत नाही. तो जाऊन तीन हिवाळे झाले. उंदरांनी आत बाळंतपणं केली.

एस्टिल: राहू देत तिथे. कोणाला अडवतायत?

नेल्डा: नाही अडवत. मी कुठे काय म्हणतेय.

एस्टिल: आज पाय वाजव, एवढंच सांगतो. नाहीतर रश्शातले खारीचे मागचे पाय मिळायचे नाहीत. आमच्या घरात नियम आहे, पलीकडून जाणाऱ्याला मागचे पाय. आणि ते कमवावे लागतात.

नेल्डा: मागच्या खेपेला तर वाढलेत न कमावता.

एस्टिल: दया आली होती.

नेल्डा: उजाडलं बघा. हिकरीच्या झाडाची पानं कशी पिवळीधमक दिसतायत त्या उतारावर.

एस्टिल: खाली बघू नकोस. वर बघ.

नेल्डा: का? खाली काय आहे?

एस्टिल: काही नाही.

नेल्डा: तेच तर. बाबा, खाली काहीच नाही.

एस्टिल: काय नाही?

नेल्डा: टरफलं. कुरतडून टाकलेली. खार असती तर सगळीकडे भुसा पडला असता, तुम्हीच शिकवलंत मला. मी पानांत हात घालून बघितलं. एकसुद्धा नाही.

एस्टिल: वाऱ्याने गेली असतील.

नेल्डा: आणि हे अक्रोडाचं झाड यंदा धरलंच नाही. तुम्हीच म्हणालात, ओसरीवर बसून शेंगा सोलताना.

एस्टिल: म्हणालो असेन.

नेल्डा: मग अंधारापासून इथे कशाची वाट बघतोय आपण?

एस्टिल: उजाडायची.

नेल्डा: बाबा.

एस्टिल: काय?

नेल्डा: तुम्हाला माहीत आहे मी काय सांगणार आहे ते.

एस्टिल: मला एवढंच माहीत आहे की आपल्या खोऱ्यात एकही शाळकरी पोर उरलेलं नाही, आणि तरीही दर रविवारी चर्चनंतर शाळेची बस चढ चढून येते.

नेल्डा: बर्चेलची स्वतःची गाडी बिघडलीय म्हणून—

एस्टिल: उन्हाळ्यापासून?

नेल्डा: मग कालच का नाही बोललात? घुबडं कशाला काढलीत?

एस्टिल: जिथे माणसाला बोलू द्यायचं नसतं अशी एकच जागा मला ठाऊक आहे, पोरी. तिथे आणलं तुला.

नेल्डा: खारी नसलेल्या झाडाखाली.

एस्टिल: खार आली असती तर मध्येच उठावं लागलं असतं.

नेल्डा: तुम्ही ना! तो आज दुपारी येणार आहे. उत्तर मागायला.

एस्टिल: मग दे उत्तर.

नेल्डा: काय देऊ? हॅझर्डला राहतो तो, डोंगराच्या पलीकडे. मी तिकडे गेले की तुम्ही इथे एकटे. चूल कोण पेटवणार? तुम्ही नको म्हणालात तर मी त्याला नाही म्हणून सांगेन. आणि मनात ठेवणार नाही.

एस्टिल: माझ्या डोक्यावर नको टाकूस हे. चूल तू यायच्या आधीपासून पेटवतोय मी.

नेल्डा: एकदा घरही पेटवलं होतंत.

एस्टिल: नुसता पडदा होता तो. शू!

नेल्डा: आता पुरे झालं, बाबा.

एस्टिल: आता खरंच. ऐक.

नेल्डा: कुठे? हां… कुरतडतेय!

एस्टिल: त्या हिकरीवर. चल, मला हात दे. उठव. हळू.

नेल्डा: गुडघा!

एस्टिल: ओळखतात त्याला. मी ह्या ओंडक्यावर बसतो. तू वरच्या अंगाने जा, वळसा घेऊन. आणि पाय वाजव.

नेल्डा: वाजवते.

एस्टिल: कुठे पोचलीस? नेल्डा? ऐकू येत नाहीयेस तू.

नेल्डा: झाडाच्या मागेच आहे! केव्हाची!

एस्टिल: घ्या. मांजर. दिसते का ती?

नेल्डा: दिसते ना. भली मोठी करडी आहे. शेपूट पाठीवर टाकून माझ्याकडेच बघत बसलीय. हलतच नाही.

एस्टिल: मग हाकल तिला!

नेल्डा: हुश! हुश!

एस्टिल: अगं, कोंबड्या हाकलतेयस का? ओरड!

नेल्डा: काय ओरडू?

एस्टिल: मनात असेल ते ओरड!

नेल्डा: मी बर्चेलशी लग्न करणार आहे!

(बंदुकीचा बार.)

नेल्डा: बाबा? पडली?

एस्टिल: पडली. अशी गर्रकन वळली, जसं काही तिलाच मागणी घातलीय कोणी.

नेल्डा: तुम्ही बरे आहात ना? ह्या म्हाताऱ्या बंदुकीचा धक्का खांद्याला लागतो.

एस्टिल: खांदा ठीक आहे. तूच दचकवलंस.

नेल्डा: तुम्हाला तर माहीत होतं.

एस्टिल: माहीत असणं वेगळं. ऐकणं वेगळं.

नेल्डा: रागावलात?

एस्टिल: नेम चुकला का माझा?

नेल्डा: नाही.

एस्टिल: मग झालं तर. ये, इथे टेक जरा. ओंडका ओला आहे, माझ्या कोटावर बस.

नेल्डा: तुम्ही रडताय की काय?

एस्टिल: दारूचा धूर आहे. जुनी काडतुसं आहेत.

नेल्डा: माझ्याही डोळ्यांत गेला वाटतं.

एस्टिल: वारा तुझ्याच बाजूला होता. चालतो कसा तो?

नेल्डा: कोण?

एस्टिल: तुझा बसवाला.

नेल्डा: चालतो म्हणजे… धप्प धप्प चालतो. ओसरीवर आला की कपाटातल्या बश्या वाजतात. मी सांगितलंय त्याला, जरा हळू पाय टाकत जा म्हणून.

एस्टिल: कशाला सांगितलंस? पुन्हा सांगू नकोस. बूट कितीचे?

नेल्डा: तेरा नंबर.

एस्टिल: म्हणजे गार्लंडचे त्याला होणार नाहीत.

नेल्डा: नाही होणार.

एस्टिल: बरं झालं.

नेल्डा: हो.

एस्टिल: पुढच्या शनिवारी घेऊन ये त्याला. अंधार असतानाच. आणि ती बस खाली रस्त्यावर ठेवायला सांग, नाहीतर खोऱ्यातल्या सगळ्या खारी सामान बांधून निघतील.

नेल्डा: त्याने आयुष्यात बंदूक धरलेली नाही, बाबा.

एस्टिल: धरायला कोण सांगतंय? चालायचंय त्याने.

नेल्डा: आणि मधल्या दिवसांत तुम्ही एकटे काय कराल?

एस्टिल: बसेन. बसणाऱ्याला सोबत लागत नाही, पोरी. पलीकडून कोणी यायचं असलं की पुरे.

नेल्डा: चला. उन्हं वर आली. रस्सा करते, आणि मक्याचा पाव. बंदूक मी घेते.

एस्टिल: तारेला धरू नकोस.

नेल्डा: मला माहीत आहे कुठे धरायचं ते. आणि ऐका, आज मागचे पाय माझे. चांगले ओरडून कमावलेत.

एस्टिल: एक तुझा.

नेल्डा: आणि दुसरा?

एस्टिल: दुपारी कोणीतरी येणार आहे म्हणालीस ना.