न चाखता

(नागपूर. रामदासपेठेतलं एक स्वयंपाकघर. रविवार, संध्याकाळचे साडेसात. सिंधूताई ओट्याशी पोळ्या लाटते आहे. यमुताई टेबलाशी, हातात मोबाइल.)

यमुताई : पाह, पाह. पुन्हा तोच अ‍ॅप्रन. निळ्या रेघांचा. तिनंच दिलेला.

सिंधूताई : कोनं जी?

यमुताई : कोण म्हणजे? त्या डोरीनबाईनं. गार्गीच्या सासूनं. इंग्लंड सोडून अमेरिकेत येऊन चाळीस वर्षं झाली म्हणे, पण स्वयंपाक अजून तिकडचाच. आणि आता आमच्या पोरीलाही तेच शिकवून राहिली. हा व्हिडिओ तिसऱ्यांदा पाहून राहिली मी.

सिंधूताई : सहाव्यांदा. मी आली तवापासूनच तीनदा झाला.

यमुताई : बावीस वर्षं या घरात होती, साधा कुकर लावला नाही. चहा कर म्हटलं तर म्हणे, आई, तुझ्याच हातचा छान होतो. आणि तिथं काय, बटाटे सोलून राहिली, पीठ फेटून राहिली. खाली लिहिलं काय तर ‘ममची रेसिपी’. मम म्हणते तिला! माझ्या कढीचा एक फोटो तरी टाकला का आजवर?

सिंधूताई : तुमच्या पोटात दुखून रायलं, ताई.

यमुताई : दुखून नाही, जळून राहिलं. लपवायचं काय त्यात.

सिंधूताई : माही पोरगी पारशिवनीले दिली. पयल्या दिवाळीले आली अन् सासूवानी झुणका केला. मले म्हने, माय, खाऊन तर पाह्य, किती मस्त होते असा. दोन दिवस मी तिच्याशी बोलली नाही.

यमुताई : मग तिसऱ्या दिवशी?

सिंधूताई : तिसऱ्या दिवशी ते वापस गेली.

यमुताई : ... थांब, वाजला. तिचाच आहे. तू पोळ्या कर, मध्ये तोंड घालू नको. हां गार्गी, बोल.

गार्गी : आई! दिसते का नीट? फोन बरणीला टेकवून ठेवलाय, काम करता करता बोलते. दहा वाजलेत इथे. एक वाजता डोरीन जेवायला आहे. आज शेफर्ड्स पाय.

यमुताई : डोरीन काहून म्हणते? व्हिडिओत तर मम आहे.

गार्गी : पाहिलास वाटतं.

यमुताई : ओझरता.

सिंधूताई : सहादा पायला, बेटा.

यमुताई : सिंधू! ... काय असतं ते शेफर्ड का काय?

गार्गी : खाली मटणाचा खिमा, त्यात कांदा, गाजर. वर कुस्करलेला बटाटा. मग ओव्हनमध्ये.

यमुताई : म्हणजे आलूबोंड्याचं सारण खिम्यावर थापायचं.

गार्गी : तसंच. फक्त हळद नाही, मिरची नाही, लसूण नाही. दूध आणि लोणी.

यमुताई : दवाखान्यातलं जेवण म्हण ना मग.

गार्गी : तुझ्या जावयाचं, मार्टिनचं लहानपण आहे ते, आई. बरं, गेल्या रविवारचं यॉर्कशायर पुडिंग पाहिलंस? कसलं फुगलं होतं!

सिंधूताई : ते तर आमच्या इथं बी झालं.

गार्गी : काय झालं?

सिंधूताई : तेच तुहं पुडिंग. ताईनं केलं. आप्पेपात्रात. अंड्याबिगर.

गार्गी : आई! खरंच?

यमुताई : हसू नको. मैदा, दूध घरात होतंच. वेळ जात नव्हता म्हणून केलं.

गार्गी : अंड्याशिवाय नाही फुगत गं ते. आणि तेलातून धूर निघायला पाहिजे, तेव्हा पीठ ओतायचं. मधे झाकण उघडायचं नाही.

यमुताई : हे आता तू मला शिकवशील?

गार्गी : पण केलंस कशाला?

यमुताई : पाहायचं होतं. तिला असं काय जमतं, जे मला जमत नाही.

सिंधूताई : गायीनं बी तोंड लावलं नाही त्याले.

यमुताई : तुला मी काय सांगितलं होतं?

सिंधूताई : पोळ्या करून रायली न जी मी.

गार्गी : आई, ऐक ना. एक सांगायचं होतं. डिसेंबरात यायचं म्हटलं होतं ना आम्ही? ते जानेवारीत येऊ. यंदा ख्रिसमसचं जेवण माझ्याकडे आहे.

यमुताई : तुझ्याकडे म्हणजे?

गार्गी : चाळीस वर्षं डोरीननंच केलं. आता हात थरथरतो तिचा. परवा तिच्या आईचं वाडगं घेऊन आली. पांढरं, चिनी मातीचं. त्यात ख्रिसमसचं गोड पुडिंग वाफवतात, दीड महिना आधी करून ठेवतात. लग्नात तिच्या आईला कुणी मावशीनं दिलेलं. विमानातून येताना डोरीननं ते कपड्यांत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. तेच माझ्या ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, आता हे तुझं.

यमुताई : आणि तू घेतलं.

गार्गी : नको कसं म्हणायचं? डोळ्यांत पाणी होतं तिच्या.

यमुताई : बरोबर आहे. तिला द्यायला माणूस मिळालं. आम्हाला नाही मिळालं.

गार्गी : असं काय बोलतेस?

यमुताई : काही नाही. महालक्ष्म्या अमरावतीला दिल्या मी.

गार्गी : काय? आपल्या महालक्ष्म्या? कधी?

यमुताई : गेल्या महिन्यात. सण झाला आणि पुढच्या आठवड्यात तुझे बाबा नेऊन देऊन आले. मुखवटे, साड्या, समया, सगळं. तुझ्या काकूकडे दोन सुना आहेत. इथं माझा गुडघा खाली बसू देत नाही, सोळा भाज्या एकटी सिंधू चिरते.

गार्गी : मला एका शब्दानं विचारलं नाहीस.

यमुताई : विचारून काय केलं असतं तू? विमानात घालून नेल्या असत्या? तुझ्या घरी आता दुसऱ्याचं वाडगं आहे. पोरगी मी वाढवली आणि वारस तिला मिळाला. राग येणार नाही का मला?

सिंधूताई : ताई, हळू. शेजारी आयकून रायले.

यमुताई : ऐकू दे. ... गार्गी, काय करून राहिली तू तिथं?

गार्गी : खिमा लागेल. हलवून राहिले.

यमुताई : गॅस कमी कर मग. ... मीठ टाकलं?

गार्गी : टाकलं आत्ता.

यमुताई : बरोबर झालं का?

गार्गी : झालं.

यमुताई : चाखलं कुठे तू? मी पाहून राहिली ना इथून. नुसतं तोंड खाली नेलं पातेल्यावर.

गार्गी : मी कशी चाखू? मी मटण खाते का?

यमुताई : खात नाहीस? अजूनही?

गार्गी : नाही. माझं वेगळं असतं, मसुराची डाळ घालून करते.

यमुताई : मला वाटलं, आता सगळं...

गार्गी : तू कधी विचारलंच नाहीस.

यमुताई : मग मीठ कसं कळतं?

गार्गी : वासावरून. मीठ कमी असलं की कांद्याचा वेगळा येतो, गाजराचा वेगळा येतो. बेतशीर पडलं की सगळ्याचा मिळून एकच वास येतो.

यमुताई : हे तुला कुणी सांगितलं?

गार्गी : कुणी म्हणजे? तूच. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात. नैवेद्य दाखवेपर्यंत कशालाही जीभ लावायची नाही ना. तू मला पाटावर उभी करायचीस, एकेका पातेल्यावरचं झाकण काढायचीस आणि विचारायचीस, सांग, एक वास येतो की दोन? सोळाच्या सोळा भाज्या. चुकले की पुन्हा.

यमुताई : सात वर्षांची होतीस तेव्हा. नाकाला सर्दी, आणि तरी आंबिलीचं बरोबर सांगितलं होतं.

सिंधूताई : अगं बाप्पा! देवाच्या सैपाकाची विद्या बकऱ्याले लावली न पोरीनं!

यमुताई : तू गप. ... राम राम राम. कुठली रीत कुठे नेऊन ठेवली या कार्टीनं.

गार्गी : रागावलीस?

यमुताई : रागावणारच. ... बिघडत तर नाही ना कधी?

गार्गी : कधीच नाही. डोरीन बघ, चमचा घेऊन दर पाच मिनिटाला चाखते, तरी तिचं एकदा खारट, एकदा अळणी. माझ्या मागे उभी राहून पाहते नुसती. म्हणते, न चाखता इतकं नेमकं करणारी बाई मी जन्मात पाहिली नाही. तिच्या मैत्रिणींना सांगत असते.

यमुताई : सगळ्यांना?

गार्गी : चर्चमधल्या, दुकानातल्या, सगळ्या. एक तर मुद्दाम पाहायला आली होती मागे.

यमुताई : मग तिनं विचारलं नाही, कुठे शिकलीस म्हणून?

गार्गी : विचारलं.

यमुताई : काय सांगितलं तू?

गार्गी : आई...

यमुताई : काय सांगितलं?

गार्गी : म्हटलं, येतं मला. असंच.

यमुताई : असंच.

गार्गी : अगं, महालक्ष्म्या, नैवेद्य, तो पाट, कुठून सुरुवात करायची इंग्रजीत? समोर ताटं वाढलेली होती. जेवण थंड झालं असतं.

यमुताई : तिच्या आईच्या वाडग्याची हकीकत मला सांगायला तुला वेळ होता. कुणी दिलं, विमानात कुणाच्या मांडीवर होतं, सगळं. त्या वेळी तुझा खिमा थंड झाला नाही.

गार्गी : थांब, गॅस बंद करते.

सिंधूताई : जाऊ द्या न ताई. लेकरू आहे. या, गरम पोळी खाऊन घ्या.

यमुताई : पोळी राहू दे. हे पाह गार्गी, महालक्ष्म्या दिल्या त्याचं मला एवढं नाही वाटलं. देताना रडली, पण दिल्या. काकू नीट करेल, तिच्या सुना करतील. तुला द्यायला माझ्याजवळ वाडगंबिडगं काही नव्हतं. एवढं एकच दिलं होतं, आणि तू तिथं जाऊन म्हणतेस, असंच. ती बाई गावभर तुझं कौतुक करते आणि त्यात माझं नावसुद्धा नाही. तिच्या ताटात, तिच्याच रेसिपीत माझा हात फिरून राहिला आणि तिला माहीत नाही!

गार्गी : चुकलं माझं. खरंच चुकलं, आई.

यमुताई : रडू नको. डोळे पूस. पातेल्यात पडेल.

गार्गी : बेल वाजली. तीच असेल. ओव्हनमध्ये ठेवायच्या आधी एकदा पाहायला येते ती नेहमी. ठेवू का आता? उद्या निवांत करते फोन.

यमुताई : ठेवू नको.

गार्गी : मग?

यमुताई : दार उघड. तिला आत आण आणि या फोनपुढे उभी कर.

गार्गी : आणि काय करू?

यमुताई : सांग तिला. कुणी शिकवलं ते.

गार्गी : आत्ता? अगं, थंडीतून आली असेल ती, हातात पिशवी, अंगावर कोट...

यमुताई : कोट काढू दे. पाणी पिऊ दे. मी बसली आहे इथं.

सिंधूताई : ताई, पदर सारखा करा जी. केसं बी उडून रायले.

यमुताई : हां, हां. ... आता ठीक?

सिंधूताई : मस्त.

गार्गी : उघडते दार. आली, आई.

यमुताई : गार्गी.

गार्गी : हं?

यमुताई : इंग्रजीतच सांग. पण हळू सांग. मला सगळं समजलं पाहिजे.