अर्धी काठी साडूंची

...तर नऊ फुटांची काठी लिफ्टमध्ये कशी न्यायची, तुम्हीच सांगा. उभी मावत नाही, आडवी जात नाही, तिरकी घातली तर दार लागत नाही, आणि त्यात खालच्या मजल्यावरच्या बाई विचारतात, ‘‘अँटेना बसवताय का?’’ आता काय सांगू त्यांना, साडूकडे निघालोय म्हणून? चार महिने ज्याचं तोंड पाहिलं नाही त्या साडूकडे? तुम्हाला सांगतो, मी आपला कुणाच्या अध्यात ना मध्यात. माझं चष्म्याचं दुकान बरं की मी बरा. पण नशिबात साडू लिहिला होता.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सुखी आहात. आमच्या साडूंचं औषधाचं दुकान. माणूस इतका शिस्तीचा की मासेमारीच्या माश्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावतो. माश्या म्हणजे खऱ्या नव्हेत हो, गळावर पिसं दोऱ्यानं बांधायची, माशाला वाटावं पाण्यात किडा पडलाय. पिसं कुठली? ताईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उशीतली. तर या माश्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या... ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘जेवणानंतर’. कुणाच्या जेवणानंतर, आपल्या की माशाच्या, हे विचारायची अकरा वर्षांत मला हिंमत झाली नाही.

गळाची काठी मात्र आमच्या सासऱ्यांची. दोन तुकडे, मधे पितळी जोड, एक दुसऱ्यात बसवला की झाली काठी. सासऱ्यांनी शेवटच्या दुखण्यात आम्हा दोन्ही जावयांना बोलावलं, मुठीकडचा अर्धा मला दिला, टोकाकडचा साडूंना, आणि म्हणाले, ‘‘भांडू नका म्हणून देतोय.’’ बघा म्हाताऱ्याचं डोकं. अर्ध्या काठीनं माणूस काय करणार, कान कोरणार? त्यामुळे अकरा वर्षं दर रविवारी आम्ही नदीवर बरोबर. एक तास मी, एक तास ते.

आता त्या रविवारचं ऐका. आमच्या नदीवर वर धरण आहे, पाणी कधी सोडतील नेम नाही. म्हणून साडूंनी एक काळा दगड नेमून ठेवलाय. दगड दिसतोय तोवर खुशाल उभं राहायचं, बुडाला की मुकाट्यानं बाहेर. त्या दिवशी माझा तास होता, मी मांडीभर पाण्यात, अंगात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, तीही साडूंची जुनी, आत अजून एक माणूस मावेल अशी, आणि लागला... मासा लागला! काठीची कमान झाली. एवढा होता. नाही, थांबा, एवढा. आणि काठावरून साडूंचा आवाज, ‘‘बाहेर या, दगड बुडाला.’’ म्हटलं, दिसतोय. ‘‘बुडाला.’’ दिसतोय. ‘‘अहो, पाणी गढूळ झालंय, चढतंय.’’ म्हटलं, साडूभाऊ, चष्म्याचं दुकान तुमचं की माझं? तर हा माणूस सरळ पाण्यात उतरला, माझी कॉलर धरली, खिशातून नेलकटर काढलं आणि कट्‌... दोरी कापली. आयुष्यातला सगळ्यात मोठा मासा माझा, नेलकटरनं गेला.

रागारागात काठी न सोडवताच गाडीच्या खिडकीतून बाहेर काढून घरी आणली, गॅलरीत टेकवली. पुढे चार महिने ते सांगत सुटले, मासा कसला, फांदी अडकली होती. मी सांगत सुटलो, दगड स्पष्ट दिसत होता. बाकी मी कुणाच्या अध्यात ना मध्यात.

मग एक दिवस ताईंचा फोन आला, बायकोनं निरोप दिला. ‘‘भावजी म्हणतायत, आमचा अर्धा पाठवून द्या, भिंतीवर लावायचाय.’’ भिंतीवर. अर्धा गेला म्हणजे रविवारच गेला की, कायमचा. पण तोंडानं म्हटलं, न्या म्हणावं, आमचं काही अडत नाही. आणि काठी सोडवायला गेलो तर ती सुटेना. तेल घातलं, बर्फ लावला, शेवटी एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला बायको, रस्सीखेच. बायको जिंकली, जोड जागचा हलला नाही. ‘‘जा घेऊन तश्शीच,’’ म्हणाली, ‘‘आणि बोलून या काय ते.’’

मग तीन मजले जिन्यानं उतरलो, दोन गल्ल्या चाललो, साडूंचा जिना चढलो. शेवटच्या वळणावर काठी पुढे, मी मागे, म्हणजे टोक त्यांच्या दारावर आपटलं तेव्हा मी अजून खालच्या पायरीवर. दार उघडलं. साडूंनी आधी टोक पाहिलं, मग काठीवरून नजर फिरवत फिरवत माझ्यापर्यंत आले. म्हणाले, ‘‘जोडाला मेण लावलं नव्हतं.’’ चार महिन्यांनी पहिलं वाक्य, बरं का.

‘‘चार हात लागतात,’’ म्हणाले. समोरासमोर उभं राहायचं, प्रत्येकाचा एक हात या अर्ध्यावर, एक त्या अर्ध्यावर, आणि न पिरगळता सरळ ओढायचं. उभे राहिलो. नाकाला नाक लागायचं बाकी. आणि मला दिसलं... त्यांच्या चष्म्याची काडी टाचणीनं जोडलेली. चष्मेवाल्याचा साडू, आणि टाचणी. दोन गल्ल्यांत चष्म्याची तीन दुकानं आहेत हो, पण हा माणूस कुठंच गेला नव्हता. आणि मी तरी काय, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपून आठवडा झाला होता. ते म्हणाले, ‘‘एक, दोन...’’ आणि मी म्हणालो, ‘‘दगड दिसत नव्हता.’’

‘‘माहितेय,’’ ते म्हणाले. ‘‘ओढा.’’

सुटली. मी सोफ्यावर, ते चपलांच्या कपाटावर, हातात आपापला अर्धा. तिथूनच म्हणाले, ‘‘मासा मोठा होता.’’ म्हटलं, केवढा? त्यांनी हात पसरले. मी सगळ्यांना दाखवतो त्याच्यापेक्षा वीतभर जास्तच.

निघताना मेणबत्तीचा तुकडा दिला. ‘‘काठी जोडताना लावत जा, म्हणजे एकट्यालाही सोडवता येईल.’’ मी त्यांचा चष्मा घेऊन आलो, त्यांनी माझ्या गोळ्या बांधून दिल्या.

आता पुन्हा दर रविवारी नदीवर. काठी जोडायचं काम माझं. मेणबत्ती खिशात असते. आणि दर रविवारी काठी अडकते. साडू विचारतात, ‘‘मेण लावलंत?’’ मी म्हणतो, विसरलो. मग समोरासमोर दोघं, चार हात, एक-दोन-तीन. ते नव्या काडीच्या चष्म्यातून माझ्याकडे बघतात, मी जोडाकडे बघतो. आता अडकते त्याला मी काय करणार... मी आपला कुणाच्या अध्यात ना मध्यात.