वाचून झालेली पत्रं

(आष्टा. लेथ वर्कशॉपचं ऑफिस. मालक आप्पासो आणि कारभार बघणारी त्यांची मुलगी संयोगिता.)

आप्पासो: पुन्ना बघ.

संयोगिता: तीनदा बघितलं, अण्णा. जुन्या मेलच्या प्रोग्राममधलं सगळं नव्यात आलंय. आलेल्या, पाठवलेल्या, ड्रॉइंगं, ऑर्डरी. हे बघा, पार दोन हजार चौदापासनं.

आप्पासो: आन् ती डिलीटेडची पेटी?

संयोगिता: ती कशाला आणू? चार हजार मेल होत्या त्यात. आधी रिकामी केली, म्हणून तर तासाभरात उरकलं.

आप्पासो: रिकामी केलीस? कुणाला इचारून?

संयोगिता: कचरा टाकायला कुणाला विचारायचं?

आप्पासो: कचरा न्हवता त्यो! जॉब पार्टीकडं गेला की चलनाचा कागद आपण तारंला टोचून ठेवतो. टाकून देतो का? तसं वाचून झालं की मी तिकडं सारायचो. धा वर्सं झाली.

संयोगिता: अण्णा, डिलीट म्हणजे पुसणं. एवढं तरी...

आप्पासो: मला शिकवू नगंस. जुना प्रोग्राम उघड, परत आण.

संयोगिता: तिथनंच तर पुसल्यात. आणि सर्व्हरवर कॉपी राहत नाही, जागा भरते म्हणून तुम्हीच बंद करायला लावलंत. डिस्क सांगलीला न्यावी लागेल. मिळतीलच असं नाही.

आप्पासो: मग ने! हितं बसून काय बघतीस?

संयोगिता: ओरडू नका. कुठल्या पार्टीचं गेलंय ते सांगा. फोन करते, परत पाठवतील.

आप्पासो: पार्टीचं न्हाई.

संयोगिता: मग कुणाचं?

आप्पासो: तुज्या भावाचं.

संयोगिता: धैर्यशीलदादाचं?

आप्पासो: अजून किती भाऊ हायत तुला?

संयोगिता: दादा तुम्हाला मेल करतो?

आप्पासो: म्हयन्याला एक. तेवीस झाल्या. फोन मी घेत न्हाई, पर ऑर्डरी बघाय मेल उघडतो, ते ठावं हाय त्याला. बेणं लय हुशार.

संयोगिता: आणि तुम्ही वाचलं सगळं?

आप्पासो: चार-चार येळा.

संयोगिता: घरचं लेथ सोडून तो साताऱ्याला दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिला, तेव्हा काय म्हणालात? त्याचं नाव या घरात घ्यायचं नाही!

आप्पासो: नाव घ्यायचं न्हाई म्हणलो. वाचायचं न्हाई, असं कुटं म्हणलो?

संयोगिता: आई दोन वर्षं झुरतीय, अण्णा! एक तरी तिला वाचून दाखवायची होती. एक!

आप्पासो: दावणारच हुतो.

संयोगिता: कधी?

आप्पासो: शेवटच्यात फोटू हुता. त्याच्या पोरीचा. पाटावर बसलीया, नाक तुज्या आईवानी. म्हणलं, दिवाळीला तिला दावू. ...आता काय दावू, संयू?

संयोगिता: रडू नका. चुकलं माझं. फोटो माझ्या मोबाइलवर आहे.

आप्पासो: तुज्याकडं? कसा?

संयोगिता: दर रविवारी चोरून बोलते मी दादाशी; आईलाही ठाऊक नाही, आणि मेलचं तो मला कधी बोलला नाही. आता काय चिडायचं ते चिडा.

आप्पासो: ...बरी हाय का पोरगी?

संयोगिता: चालायला लागली. फोटो देते मी. पण मेल त्याच्याकडेच असतील, आणि त्या तुम्हीच मागायच्या. मी मागणार नाही.

आप्पासो: फोन नगं. फोनवर माज्यानं बोलवायचं न्हाई.

संयोगिता: मग लिहू. आत्ता. नव्या प्रोग्राममधनं पहिली मेल हीच जाऊ दे. सांगा.

आप्पासो: लिही. तुजी समदी पत्रं माज्याकडनं गेली.

संयोगिता: माझ्याकडनं गेली ना.

आप्पासो: मी सांगतो तसं लिही. माज्याकडनं गेली. पयल्यापासनं परत पाठीव.

संयोगिता: पुढं?

आप्पासो: उत्तर देतो म्हण.

संयोगिता: लिहिलं. खाली आपोआप येतंय बघा: आप्पासो इंजिनिअरिंग वर्क्स, प्रोप्रायटर...

आप्पासो: ते काढ. नुसतं अण्णा लिही.