भात्याचं ठिगळ

वाद्यं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात, बाकावर माझ्या शेजारीच दोघांची जुंपली होती.

"काकू, अकॉर्डियन ठणठणीत आहे म्हणून गळ्यात मारलंत. भाता फाटका निघाला! वर शर्टाच्या कापडाचं ठिगळ!"

"निळ्या रेघांचं ना? ह्यांनीच शिवलं होतं हो, शेवटच्या आजारपणात."

"कौतुक राहू द्या. नवा भाता बसवावा लागला. खर्च तुम्ही द्यायचा."

"देते की. जुना टाकलात?"

"टाकतोय कशाला? हा बघा, पुरावा म्हणून आणलाय."

"मग तो मला देऊन टाका, बाबा."

"अहो, यातून आता सूर निघायचा नाही."

"सूर कुणाला हवाय?" काकूंनी भाता गालाशी नेऊन हलकेच दाबला. "फुंकर येते अजून."