परवचा बंद

मी मूळची अलोऱ्याची. वडील वीजघरावर कामाला, कॉलनीत वाढले मी, नि तोंडाने फटकळ ती तेव्हापासूनच, आई म्हणायची हिला सासर कसं झेपणार, तर बघा, झेपलं, केळशीला येऊन केस पिकायला लागले. आमचं घरचंच काम, कोकमाचं आगळ, सरबत, उन्हाळ्यात आंबापोळी. हे बागेचं बघतात, मी बाटल्यांचं. पण तुम्ही रेवाचं विचारताय ना, तर तेच सांगत्ये, मात्र मला राग आला तर राग लिहा, गोड करून लिहू नका.

रेवा माझी एकुलती एक मुलगी. काय सांगू तुम्हाला तिचा आवाज, दिवेलागणीला ती परवचा म्हणायला बसली की रस्त्यावरचा माणूस थांबायचा. आमच्याकडे पद्धतच आहे, दिवा लागला, शुभंकरोती झालं, की पाढे. माझे सासरे, नाना, झोपाळ्यावर बसून ताल धरायचे नि ही बे एके बेपासून तिसापर्यंत, कुठे अडखळणं नाही. नाना गावभर सांगायचे, आमच्या नातीचं गणित पक्कं. गणपतीत ठाण्याचे भाऊजी यायचे, म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, ते आरतीआधी तिला सगळ्यांसमोर उभी करायचे, रेवा, एकोणतिसाचा होऊन जाऊ दे, नि ही घडाघडा. मग टाळ्या.

आणि शाळेत? शाळेत भोपळा. साधी बेरीज लिहून दिली तरी हिचा हात हलायचा नाही. बाई म्हणाल्या पाढे तोंडपाठ आहेत म्हणजे डोकं आहे, करायचं नाही तिला, आळशी आहे, नाटकं करते. रोज वर्गाबाहेर उभी. पोर सकाळी उठली की पोटात दुखतंय म्हणायची, घेतलेला चहा ओकून टाकायची. मी भेटायला गेले तर बाई म्हणतात, पालथ्या घड्यावर पाणी. मी म्हटलं, अहो, घडा पालथा आहे तर सुलटा करायचं काम कोणाचं? माझं की तुमचं? असं तोंडावर म्हटलं.

मग एकदा आम्ही दोघी बाटल्या खोक्यात भरत होतो. साताच्या चार ओळी. मी आपलं सहज विचारलं, किती गो झाल्या? ती एकेका बाटलीला बोट लावून मोजायला लागली, मधेच चुकली, परत पहिल्यापासून. मी म्हटलं सात चोक किती? अठ्ठावीस, लगेच. मग ह्या बाटल्या किती? तर परत पहिल्या बाटलीला बोट, डोळ्यांत पाणी. तिला माहीतच नव्हतं हो, की तो पाढा म्हणजे ह्या बाटल्या. ती ते स्तोत्रासारखं म्हणत होती. इतकी वर्षं घरात एकाच्याही लक्षात आलं नाही, शाळेतही नाही, सगळे आपले टाळ्या वाजवतायत नि वर तिलाच आळशी म्हणतायत. मला राग कोणाचा यावा? सगळ्यांचा आला.

काढली शाळेतून. घरी शिकवत्ये म्हटल्यावर जो तो सल्ला द्यायला हजर. भाऊजींनी ठाण्याहून टॅबलेट पाठवला, त्यात जलद गणिताचा कोर्स, वर घड्याळ पळतंय, वेळेत उत्तर आलं तर चांदणी, नाही आलं तर तांबडी फुली. पोर घड्याळाकडे बघत नखं खायची, गणित राहिलं बाजूला. ओळखीच्या एक पुण्याच्या बाई म्हणाल्या, परदेशी पुस्तकं घ्या, फार शास्त्रीय असतात. ती सगळी इंग्रजीत, अपूर्णांक शिकवायला कसलासा पदार्थ कापलेला, तो काय ते आधी मलाच कोणीतरी शिकवायला हवं होतं. नि ह्यांचं एकच, सहावीचाच अभ्यासक्रम घे, नाहीतर मागे पडेल. अहो, मागे पडेल? पडलीय ती मागे! पाया नाही नि माडी कसली चढवताय?

शेवटी दापोलीच्या एका शिक्षिकेकडे गणिताचा साधा संच बघितला. मराठीत, मण्यांची माळ, दहादहाच्या दांड्या, सुटे मणी. पण सुरुवात पहिलीपासून. रेवाने ते मणी हातात घेतले ते सोडलेच नाहीत, म्हणाली आई, हे आपल्याकडे ठेवायचं? बस, माझं ठरलं. संचातल्या पुस्तकावर मोठ्ठं लिहिलेलं, पहिली. हे म्हणाले वरून कव्हर घाल, लोक बघतील. बघू देत, म्हटलं, डोळे त्यांचे आहेत. पण त्या शिक्षिका म्हणाल्या, तूर्त पाढे म्हणायला लावू नका, मोजू दे तिला. म्हणजे परवचा बंद. नाना माझ्याशी बोलायचेच थांबले. पोरीचं एक कौतुक होत होतं घरात, तेही तू काढून घेतलंस, एवढंच म्हणाले. हे मात्र लागलं मला, कारण खरं होतं ते.

यंदा गणपतीत भाऊजी आले. आरतीची तयारी झालेली, नानांच्या हातात झांजा, नि भाऊजींचं सुरू, रेवा, एकोणतिसाचा होऊन जाऊ दे. ती स्वयंपाकघरात नैवेद्याचे मोदक ताटात लावत होती. आतूनच म्हणाली, काका, मी आता पाढे नाही म्हणत. भाऊजी हसले, बघा, म्हणाले, येत होतं तेही विसरायला लावलं आईने, सहावीच्या पोरीला पहिलीची पुस्तकं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. काय नाही बोलले मी! वर्षातून एकदा यायचं, पोरीला पोपटासारखं बोलवायचं, टाळ्या पिटायच्या नि विसर्जन झालं की बॅगा भरून चालू पडायचं, मागे ती ओकते ते कोण निस्तरतं? बोलतच होते, तेवढ्यात आतून आवाज आला, आई, गप्प बस ना, तू ओरडलीस की माझं मोजायचं चुकतं.

ती ताट घेऊन दारात आली. एकवीस लागतात ना, म्हणाली, म्हणून साताच्या तीन ओळी केल्या, पण ह्या ओळीत सहाच आहेत. नि परत मोजायला लागली, सावकाश, ओठ हलवत. पूर्वी अडली की रडायची. आता नुसतं म्हणाली, थांबा, परत बघत्ये. भाऊजी म्हणाले, अगं चल, आरतीला उशीर होतोय, एका मोदकाचं काय घेऊन बसलीस. तर नानांनी, इतके दिवस माझ्याशी न बोललेल्या नानांनी, झांजा मांडीवर ठेवल्या नि म्हणाले, थांब रे, मोजत्ये ती.

एक कमीच होता. मी आत जाऊन वळला, वाफवला, तोवर सगळे उभे. आरती उशिरा झाली तर काय बिघडलं?

आता आम्ही भागाकाराशी झगडतोय. आज ना उद्या येईल, नाहीतर उशिरा येईल, मी काही तिच्या मागे घड्याळ लावणार नाही. भाऊजींचा राग गेलेला नाही माझा, शाळेतल्या त्या बाईंचा तर नाहीच, जायचाही नाही. पण हल्ली दिवेलागणीला नाना तिला झोपाळ्यावर बोलावतात, ती माळ आण गो, म्हणतात, दाखव मला. नि सवयीने त्यांच्या तोंडात पाढा आला की ती त्यांचा हात धरते. नाना, म्हणते, पाढा नका म्हणू, मोजा.