फायनलच्या शनिवारी लग्न

हॅलो?… हो, हॉटेलच आहे… कोण बोलतंय आपण?… अगं थांब, थांब, ठेवू नकोस. मीच आहे. फिलो… आवाज बदलून बोलत होते… मग काय करू? नवरीची आई हॉटेलच्या ऑफिसात दडून फोन घेतेय, हे गावभर करायचं का?

रेडिओवर काय स्कोअर सांगतायत ते सांग आधी… पायाचं मग. डिम्फ्ना, तुझं प्लास्टर कुठे पळून जात नाही. स्कोअर सांग.

मागे?… कितीने?… दोनच? अगं मग चांगलंय की. मला वाटलं होतं एव्हाना आपल्या पोरांचं भरीत झालं असेल. हाफ टाइमला कुलडेरीच्या फक्त दोन गुणांनी मागे… आणि माझा फिंटन? गोल किती गेले त्याच्यावर?… एकही नाही?… खरंच एकही नाही?

नाही गं, रडत नाहीये. तो मेकअप सकाळपासून चढवलाय, परवडणार नाही रडणं.

ऐक, मी कुठे बसलेय माहितेय? हॉलला लागून एक एवढंसं ऑफिस आहे, पाहुण्यांचे कोट टाकलेत, तिथे. दाराला काच आहे, त्यातून पूर्ण हॉल दिसतो… मोबाइल? कुठला मोबाइल? नेसाने दारातच पावाची टोपली ठेवलीय. आत येणाऱ्याने मोबाइल टोपलीत टाकायचा, मगच खुर्ची. फादर मलॅकींनासुद्धा सोडलं नाही. त्यांच्याकडे दोन निघाले.

हो ना… म्हणाली, माझ्या लग्नात त्या काठी-चेंडूच्या हर्लिंगचा ‘ह’ कोणी काढायचा नाही. ज्याला काढायचाय त्याने मैदानावर जावं.

तिचं चुकतंय असं नाही गं मी म्हणत. पण तारीख कोणी काढली? तिच्या बापाने, टॉमीनेच. आठवतंय ना… हो, तुझ्याकडेच तर चहा पीत बसलो होतो. म्हणे जिल्ह्याच्या फायनलच्याच शनिवारी धरू या, त्या दिवशी सगळी हॉटेलं ओस असतात, आणि आपल्या गावाला काय करायचंय फायनलशी… अगं तू पण ‘हो हो’ म्हणालीस. सगळेच म्हणालो. आपल्या आजोबांनी नाही पाहिली ग्लॅनकुराची फायनल, आपण काय पाहणार.

आणि बसलो की नाही तोंडावर आपटून.

बरं मला सांग, मैदानावर पाऊस आहे म्हणतायत का?… धो धो?… चिखल पण?… अगं देवा, हे टॉमीला सांगायलाच हवं. इथे ना, लख्ख ऊन आहे. काय झालं सांगू का? काल लग्नाला ऊन हवं म्हणून मी बाळ येशूची मूर्ती कुंपणाखाली नेऊन ठेवली… हो, आईचीच, मान तुटलेली. तुटलेलीचाच गुण जास्त. तर टॉमी मागच्या दाराने जाऊन उचलून आत. का? तर आपली पोरं चिखलातच बरी खेळतात, कोरड्या मैदानावर त्यांना पळवत नाही. मी पुन्हा बाहेर ठेवली. त्याने पुन्हा आत. शेवटी मूर्ती उंबऱ्यावर राहिली, अर्धी आत अर्धी बाहेर… हो ना, तेच म्हणतेय मी. बाळ येशूने दोघांचं ऐकलं.

हसू नकोस, मला हसू आलं की हॅट हलते.

नाही, अजून वेळ आहे ना सुरू व्हायला? मग बोल तू… नेसा? अगं काय सांगू, अशी दिसतेय… मी बघतच राहिले. आईच्या लेसचा गळा लावून घेतलाय. योरिस तर चर्चमध्ये पुतळा झाला होता, ‘हो’ म्हणायचं विसरला. फादर मलॅकींनी दोनदा विचारलं, तेही घाईघाईने. त्यांना मॅचच्या आधी सगळं आटपायचं होतं गं. प्रवचन म्हणजे काय, ‘एकमेकांना पास देत जा’ एवढंच.

विहीणबाई? चांगल्या आहेत. हेर्डा. उंच, हसऱ्या, सायकलवरून अख्खं हॉलंड फिरल्यात. काल मला विचारत होत्या, तुम्ही सुट्टीत काय करता? मी म्हटलं, रविवारी मॅच बघतो. बरं, आणि बाकीचे दिवस? म्हटलं, बाकीचे दिवस त्या मॅचबद्दल बोलतो… खरंच की. खोटं कशाला सांगू? त्या म्हणाल्या, आणि तुमचा संघ जिंकतो का? म्हटलं, नाही… बिचाऱ्यांनी आणखी कॉफी घेतली.

पण मी मग रात्री विचार करत होते. ज्यांचा कुठलाच संघ नाही, ती माणसं रविवारी करतात तरी काय गं? कपाटं आवरतात? चाळीस वर्षं मी गाडीच्या डिकीत बसून हॅम सँडविच खाल्लंय. गुडघे गेले, छत्र्या गेल्या, पण तो डब्याचा वास आणि पहिली शिट्टी… ते नसतं तर मी आणि टॉमी एकमेकांशी काय बोललो असतो देव जाणे. हरलो तरी घरी येऊन चहा तेवढाच गोड लागतो. नाही का?

काय?… फिंटनचं ना.

तेच गं. त्याचंच मनात आहे सकाळपासून… नाही, बोलत नाहीत. तीन आठवडे झाले. ज्या दिवशी सेमीफायनल जिंकली, त्या दिवशी चिखलाने माखलेला घरात आला, नाचत, आणि ती स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या जागा लावत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, मग माझ्या लग्नाला येणार की नाही? तो म्हणाला, नेसा, गोलकीपर मी एकटाच आहे. ती म्हणाली, भाऊ पण मला एकच आहे… आणि मग म्हणाली, जा. खुशाल जा. फक्त माझ्या फोटोत तू नसशील.

झालं. दोघं माझीच पोरं, एकसारखी गाढवं.

म्हणून म्हणते ना, मला कपाची पडलेली नाही… बरं, पडलीय. पण तो हरला ना डिम्फ्ना, तर त्याच्या हाताला काहीच लागणार नाही. ना कप, ना बहिणीचं लग्न. जन्मभर खाईल त्याला ते.

सुरू झाली?… बरं बरं. थांब, टॉमी उभा राहिलाय भाषणाला. आमचं ठरलंय, मी काचेतून खुणा करणार. रुमाल हलवला की आपला गोल, म्हणजे तीन गुण. कानातलं चाचपलं की आपला एक गुण. हॅट पुढे ओढली की त्यांचा… अगं त्यानेच ठरवलं, मी कुठे? दाराकडे तोंड करून उभा आहे बघ कसा.

बोल… त्यांचा एक? काय मेले… थांब, हॅट ओढते. ओढली. टॉमीचा चेहरा पडला. नेसाच्या जन्माची गोष्ट सांगतोय आणि चेहरा असा की कोणी गेलंय. लोकांना वाटतंय गहिवरला. फादर मलॅकींनी पाठ थोपटली त्याची.

तीनने मागे. हं… हं… कोणी? धाकट्या हॅनिगनने? तो पोस्टातला?… पळतोय?… तो पळतो?… अगं बोल ना पुढे, श्वास काय घेतेस…

गोल!… गोल? नक्की? रेडिओवालाच म्हणाला ना, तू नाहीस ना म्हणत?… बरोबरी! थांब, रुमाल… रुमाल कुठे गेला… हा. हलवतेय. टॉमीने पाहिलं. अगं त्याने वाक्याच्या मधेच मूठ वर केली. ‘आणि तिचा पहिला दात पडला,’ मूठ वर. सगळं गाव टाळ्या वाजवतंय. दाताला टाळ्या.

अरे बापरे.

नाही, नाही, मॅच नाही… हेर्डा. हेर्डाने पण रुमाल काढला. पांढरा. हलवतेय… हॉलंडची सगळी मंडळी हलवतायत. टेबलावरचे नॅपकिन घेऊन. त्यांना वाटलं आपल्याकडची रीत आहे… मी काय करू? मी थांबवू कशी, मी तर इथे दडलेय.

योरिस पण हलवतोय. उभा राहून. जावईबापू लाखात एक आहे गं.

नेसा?… नेसा हसत नाहीये. इकडे तिकडे बघतेय… खाली वाकते जरा. थांब.

हं, बोल, हळू बोल. नाही, मीच हळू बोलते, तू जोरात बोल… एक गुण आपला? कानातलं… हा. टॉमी परत दाताच्या गोष्टीवर आलाय. तीच गोष्ट, दुसऱ्यांदा. भाषण संपवायलाच तयार नाही… अजून एक? दोनने पुढे? डिम्फ्ना, आपण पुढे आहोत? ग्लॅनकुरा?… दुसरं कानातलं पण चाचपते, एकाने भागायचं नाही.

हेर्डाने स्वतःची कानातली चाचपली. शहाणी बाई आहे.

किती वेळ राहिला?… संपतच आली? मग आता शिट्टी मारायला काय घेतो तो पंच?… काय झालं?… अगं काय झालं? सांग ना.

पेनल्टी?

कुलडेरीला?… नाही गं. नाही नाही नाही. आता नाही. गोल गेला तर तीन गुण, एकाने हरतो आपण… तो एकटाच उभा? समोर एकटा फिंटन… मारणारा कोण?… तो दाढीवाला? त्याचा फटका दिसत पण नाही म्हणतात.

टॉमीला काय खूण करू? पेनल्टीची खूणच ठरवली नाही आम्ही. हॅट काढून धरलीय छातीशी. त्याला कळलं. भाषण अर्ध्यातच सोडलं त्याने… सगळ्यांना माहीत होतं गं, मी इथे काय करतेय ते. सगळे काचेकडेच बघतायत, आचारी सुद्धा बाहेर आलाय.

आणि नेसाची खुर्ची रिकामी आहे.

डिम्फ्ना… दार उघडतंय.

…नेसा. बाळा, मी… अगं ते दाताच्या डॉक्टरांचा… हो. खोटं आहे. हो, मावशीच आहे… पेनल्टी आहे. फिंटनवर… दोनने पुढे… ये. ये इकडे. झग्याचा घोळ आवर, दारात अडकेल. कान लाव इथे.

डिम्फ्ना, नेसा आहे इथे. आम्ही दोघी एकाच रिसीव्हरला आहोत, तू फक्त रेडिओजवळ धर… आवाज वाढव.

ती काय म्हणतेय? ‘आधी हलू नकोस’ म्हणतेय… तुला नाही गं. त्याला म्हणतेय. लहानपणी कोठाराच्या दारासमोर उभं करायची ना त्याला, ही मारायची आणि तो अडवायचा. तो घाबरून आधीच उडी मारायचा. ही ओरडायची, आधी हलू नकोस फिंट्या, माझे खांदे बघ… हो, तेच. तेच म्हणतेय. हळू हळू म्हणतेय. माझा हात इतका दाबलाय की अंगठी रुतली.

मारतोय?… मारला?…

डिम्फ्ना?

डिम्फ्ना, बोल! काय पडलं ते? फोन पडला का तुझा?… अगं बाई, तुझी किंकाळी नकोय आम्हाला, काय झालं ते सांग…

अडवला?

अडवला! नेसा, अडवला… हललाच नाही? शेवटपर्यंत?… आणि चेंडू बाहेर? शिट्टी झाली?… झाली.

…

हो… आहे मी. आहे गं. गेला मेकअप सगळा. तुझा पण? तुला कोण बघतंय तिथे… नेसा खाली बसलीय, कोटांवर, पांढऱ्या झग्यात, आणि हसतेय की रडतेय मला कळत नाही. दोन्ही… टॉमीला सांगायलाच लागलं नाही, काचेतून आमची तोंडं पाहिली त्याने. ऐकू येतंय का हॉलमधलं? फादर मलॅकी खुर्चीवर चढलेत. हेर्डा नॅपकिन फिरवत टेबलांमधून पळतायत.

थांब, नेसा काहीतरी म्हणतेय… काय गं?… ऐक डिम्फ्ना, तुलाच फोन करायला लागेल त्याला, आमचे सगळे टोपलीत आहेत. म्हणतेय, त्याला सांगा थेट इकडे ये. आंघोळ करू नकोस… हो, खरंच, आंघोळ नको. कपडे बदलू नको. चिखलासकट ये म्हणतेय, बुटांसकट.

फोटोवाला? तो आलाय ना दारात, तो म्हणतोय आता नाही काढले तर ऊन जाईल…

‘जाऊ दे ऊन,’ म्हणतेय. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे, ती भरल्याशिवाय एकही फोटो निघायचा नाही.

हो गं… हो… मी पण. ठेव आता, त्याला लाव फोन, नाहीतर बसेल तिथेच पीत… चिखलासकट, विसरू नकोस… ठेव ना… तू ठेव आधी… बरं, मीच ठेवते.