घरी कुणाला कळवायचं?

व्हिसा कार्यालयात एक नर्स आपला नंबर यायची वाट बघत बसली होती. तिच्या मागच्या बाकावर पिकल्या केसांच्या नणंद-भावजय होत्या. नणंद प्रवाशांसाठीच्या सूचना मोठ्यानं वाचत होती.

"वहिनी, पासपोर्ट अजून सहा महिने तरी चालायला हवा म्हणे."

"तो चालेल हो, वन्सं. माझ्या गुडघ्यांचं काही सांगता येत नाही."

"थट्टा पुरे. रात्री एकटीनं फिरू नये."

"मी दिवसासुद्धा तुमचा पदर सोडायची नाही."

"अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नये."

"तिथं ओळखीचं कोण आहे? उपाशी मारता की काय!"

"आणि हे ऐक. आपण कुठे उतरलोय ते घरी कुणाला तरी कळवून ठेवावं."



"घरी कोण आहे, वन्सं? तुमचे भाऊ गेल्यापासून आपण दोघीच तर आहोत."

"मग अर्जात काय लिहू? अडचण आली तर कुणाला फोन करायचा, असं विचारलंय."

"माझं नाव लिहा की."

"अगं, तू तर माझ्याबरोबरच असणार!"

"म्हणूनच. फोनचा खर्च वाचला."

"आणि दोघी एकदम हरवलो तर?"

"बरोबर असलो, तर हरवलो कशा?"

नणंद खुदकन हसली. "मुली, जरा पेन..." म्हणत ती पुढे वाकली, तेव्हा नर्सनं आपलं पेन आधीच मागे धरलेलं होतं.